कानाशी बोलणारी डबी आणि तिची दुरुस्ती

ज्या वस्तूविषयी आज बोलावयाचे आहे ती आम्ही व्यासपीठावरून हातात धरून दाखविली, तर तिसऱ्या रांगेपलीकडे कोणाला ती दिसावयाची नाही. काडेपेटीएवढी, ॲल्युमिनियमची, एका टोकाला चपटे भोक आणि दुसऱ्या टोकाला वाटोळे भोक असलेली ही डबी. चपट्या भोकात फोनकडून किंवा संगणकाकडून येणारी यूएसबीची तार बसते; वाटोळ्या भोकात हेडफोनची. दुकानदार तिला ‘डॅक’ म्हणतात, जाहिरातींत याहून भारदस्त नावे असतात, आणि शुद्ध मराठीत सांगावयाचे तर अंकांचे ध्वनीत रूपांतर करणारे यंत्र असे काहीतरी म्हणावे लागेल. आम्ही आपले डबीच म्हणू.

ही डबी लागते कशाला, असा प्रश्न वडीलधाऱ्या श्रोत्यांच्या मनात येणे साहजिक आहे. पूर्वी फोनलाच हेडफोनचे वाटोळे भोक असे. २०१६ साली ॲपल कंपनीने आपल्या आयफोन ७ मधून ते काढून टाकले, आणि पाठोपाठ इतर पुष्कळ कंपन्यांनी तोच कित्ता गिरविला. भोक गेले, पण घरोघरचे हेडफोन काही गेले नाहीत. तेव्हा पूर्वी फोनच्या पोटात होत असलेले काम बाहेर, या डबीत होऊ लागले. कित्येक रसिक आवाज अधिक निर्मळ यावा म्हणूनही ती घेतात. ते त्यांना खरोखर तसे ऐकू येते की किमतीमुळे ऐकू येते, या वादात आम्ही आज शिरत नाही.

आमचा या डबीशी संबंध आला तो रसिक म्हणून नव्हे, तर गुन्हेगार म्हणून. आमच्या शेजारी एक निवृत्त शिक्षिका राहतात. दृष्टी अधू झाल्यापासून त्यांचे सारे वाचन कानांनी चालते. फोन पुस्तक वाचून दाखवितो, त्या अंथरुणावर पडून हेडफोनने ऐकतात, म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणाची झोपमोड होत नाही. बिनतारी हेडफोन त्यांनी वापरून पाहिले. पण त्यांची बारीक बटणे चाचपून सापडत नाहीत आणि मध्यरात्री त्यांची बॅटरी संपते, म्हणून पुन्हा तारेवर आल्या. एके दिवशी त्यांची डबी बंद पडली. आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने ‘द्या इकडे’ म्हटले, आणि संध्याकाळपर्यंत ती कायमची संपविली. ते कसे घडले ते पुढे येईलच. दोन वर्षांनी त्यांची दुसरी डबी बिघडली, तेव्हा ती आमच्या हाती देताना बाई म्हणाल्या, “या वेळी उघडण्याआधी नीट विचार करा हं. रात्री जाग आली की माझ्यापाशी दुसरे काही नसते.” आजचे विवेचन म्हणजे, एका दृष्टीने, आम्ही त्या वेळी केलेला तो विचार होय.

प्रथम डबीच्या आत काय चालते ते पाहू. कारण यंत्र काय करते हे ठाऊक नसताना ते उघडणे म्हणजे अंधारात विळी चाचपण्यासारखे आहे. ध्वनी ही हवेची लाट. ती फोनमध्ये साठविलेली असते अंकांच्या रूपाने. लाटेची उंची सेकंदाला ४४,१०० वेळा मोजावयाची आणि प्रत्येक वेळी ६५,५३६ पायऱ्यांपैकी ती कोणत्या पायरीवर होती तो आकडा लिहून ठेवावयाचा, असा ‘सीडी’चा ठराव सोनी व फिलिप्स या दोन कंपन्यांनी १९८० साली केला. ४४,१०० हा चमत्कारिक आकडा कोठून आला? त्या काळी असे अंक व्हिडिओच्या फितीवर नोंदवीत. दर सेकंदाला ६० चित्रक्षेत्रे, प्रत्येकात उपयोगाच्या २४५ ओळी, प्रत्येक ओळीत ३ मापे. गुणाकार करून पाहावा. माणसाचा कान सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंत ऐकतो, आणि त्याच्या दुपटीहून थोडी अधिक मापे असली की मूळ लाट पुन्हा उभी करता येते. तेव्हा हा आकडा पुरतो.

हे आकडे डबीकडे येतात यूएसबीच्या तारेने. यूएसबीचे पहिले विधान १९९६ साली प्रसिद्ध झाले. इंटेल कंपनीत ते काम पुढे नेणाऱ्यांत अजय भट्ट हे प्रमुख. त्यांचे शिक्षण वडोदऱ्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातले, हे येथे जाता जाता सांगावेसे वाटते. या डब्यांच्या साध्या प्रकारात तारेवरून दर सहस्रांश सेकंदाला एक गाडी सुटते. आता ४४,१०० ला १,००० ने भागले तर ४४.१ येतात, आणि मापाचा दशांश काही गाडीत बसविता येत नाही. म्हणून नऊ गाड्यांत ४४-४४ मापे जातात आणि दहाव्या गाडीत ४५! ही व्यवस्था आम्हांला फार आवडते. पण दुरुस्तीच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. कागदपत्र पाठविताना तारेत काही गळाले तर संगणक ते पुन्हा पाठवितो. ध्वनीच्या बाबतीत तसे नाही. एखादी गाडी वाटेत बिघडली तर ती गेलीच. ती परत बोलाविण्यास वेळच नसतो. म्हणून सांधा थोडासा जरी सैल असला तरी कानात ‘टक्’ होते. डबी टकटकू लागली म्हणजे आतली चकती जळली असे नव्हे; बहुधा कोठेतरी धातूला धातू नीट टेकत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

आणि हेच आम्हांला मुख्यतः सांगावयाचे आहे. या डबीत मोठ्या बुद्धीचे काम करणाऱ्या काळ्या चकत्या असतात, पण आमच्या हाती आलेल्या डब्यांत त्या क्वचितच बिघडलेल्या आढळल्या. बिघडते ते अडाणी काम करणारे अंग: भोक, तार, सांधा. जेथे माणसाचा हात लागतो तेथेच मोडतोड होते.

म्हणून पहिली परीक्षा डबी न उघडता. हेडफोन बदलून पाहावा. तार बदलून पाहावी. काही स्वस्त तारा केवळ बॅटरी भरण्यापुरत्या असतात, त्यांच्यातून वीज जाते पण अंक जात नाहीत. फोन बदलून पाहावा. मग चपट्या भोकात विजेरीचा प्रकाश टाकून पाहावे. खिशातले लोकर-सूत दाबले जाऊन तेथे अक्षरशः नमदा तयार झालेला असतो, आणि मग तार पूर्ण आत जात नाही. लाकडी दातकोरणीने, अर्थात डबी तारेपासून सोडवून, तो हळूच उकरून काढावा. टाचणी वापरू नये. आमच्याकडे आलेल्या डब्यांपैकी कित्येक येथेच बऱ्या झाल्या आणि मालकांना आम्ही फार मोठे कारागीर वाटलो.

बाईंच्या डबीची तक्रार दुहेरी होती. डाव्या कानात आवाज नाही. आणि तार एका अंगाने घातली तर डबी चालते, उलटून घातली तर फोन तिला ओळखतच नाही. यूएसबीचे जे नवे, दोन्ही बाजूंनी घालता येणारे चपटे टोक आहे, ज्याला टाइप-सी म्हणतात, त्याचे विधान २०१४ साली झाले. त्याच्या भोकात २४ बारीक पट्ट्या असतात, बारा वर, बारा खाली. त्यांपैकी दोन पट्ट्यांचे काम ओळख देण्याचे. प्रत्येकीपासून जमिनीकडे, म्हणजे ऋण बाजूकडे, ५,१०० ओहमचा एक रोधक जोडलेला असतो. फोन तार लागताच त्या पट्टीला चाचपून पाहतो; हा रोधक सापडला तरच ‘कोणीतरी आहे’ असे समजून ५ व्होल्टची वीज सोडतो. टोक सुलटे असता एक पट्टी कामाला येते, उलटे असता दुसरी. आम्ही मग जुन्या संगणकाची रुंद टोकाची तार घेतली. त्या जुन्या भोकात वीज न विचारता, सदैव असते. त्या तारेने डबी दोन्ही अंगांनी चालली! तेव्हा चकत्या शाबूत, अंकांच्या पट्ट्याही शाबूत. ओळख देणाऱ्या दोन पट्ट्यांपैकी एक सुटली आहे, एवढे डबीचा एकही स्क्रू न काढता कळले. हा आनंद, श्रोतेहो, नाडी पाहून रोग सांगणाऱ्या वैद्याच्या आनंदाहून कमी नाही.

आता उघडणे. व्हॉल्व्हच्या रेडिओला मागे पुठ्ठ्याचे झाकण असे. दोनचार स्क्रू काढले की आतला सारा संसार दिसे, कारण तो कधीतरी उघडावा लागणार हे करणाऱ्याने गृहीत धरलेले असे. आजची डबी करणारा ते गृहीत धरीत नाही. काही डब्यांचे स्क्रू रबरी पायांखाली किंवा कागदी चिठ्ठीखाली दडविलेले असतात. चिठ्ठीवरून बोट फिरविले की खळगा लागतो. काहींच्या टोकांच्या पट्ट्या सहा कोनी किंवा चांदणीच्या आकाराच्या स्क्रूंनी बसविलेल्या असतात, त्यांना त्याच मापाचा पाना हवा. आणि काही सरळ डिंकाने चिकटविलेल्या. हा डिंक म्हणजे कारखानदाराने ग्राहकाला दिलेली एक प्रकारची गुर्मीच आहे असे आमचे स्पष्ट मत आहे; असो. चिकटविलेल्या डबीला केस वाळविण्याच्या यंत्राने मंद ऊब द्यावी आणि जुन्या एटीएम कार्डाची कड फटीत सरकवावी. सुरी खुपसू नये. मात्र डबीत स्वतःची बॅटरी असेल, काही मोठ्या डब्यांत असते, तर ऊबही देऊ नये आणि काही खुपसूही नये. लिथियमची बॅटरी भोसकली गेली तर पेट घेते. ती फुगलेली दिसली तर उघडण्याचा नाद सोडून ती ई-कचरा घेणाऱ्या केंद्राकडे द्यावी.

बाईंची डबी बिनबॅटरीची होती. दोन्ही टोकांचे चार स्क्रू काढले आणि हिरवी पाटी आपोआप बाहेर सरकली. काढलेला प्रत्येक स्क्रू आम्ही कागदावर डबीचे चित्र काढून त्याच्या जागी चिकटपट्टीने चिकटवितो, आणि प्रत्येक पायरीला फोनने छायाचित्र घेतो. पाटीला हात लावण्याआधी नळाला किंवा जमिनीत गेलेल्या एखाद्या धातूला स्पर्श करावा. कोरड्या हवेत अंगावर साठलेली वीज डोळ्यांना न दिसता चकती मारू शकते.

पाटीवर काय दिसते? चपट्या भोकाजवळ अंक उतरवून घेणारी चकती. तिच्याजवळ चांदीच्या वर्खासारखी चमकणारी लहानशी डबी. तिच्यात स्फटिक असतो आणि तो सारा ताल धरतो. एका बाजूला ५ व्होल्टची वीज उतरवून ३.३ करणारा नियामक. मग अंकांची लाट करणारी चकती, कधी तिच्यातच तर कधी निराळी लाट मोठी करणारी चकती, आणि शेवटी वाटोळे भोक. ओढा उगमापासून समुद्रापर्यंत जावा तसा हा मार्ग आहे, आणि पाणी कोठे आटले हे पाहावयाचे असेल तर काठाकाठाने चालत जावे.

चालताना हाती काठी हवी, ती म्हणजे मल्टिमीटर. पहिले माप वीज न देता घ्यावे: ५ व्होल्टची वाट आणि जमीन यांच्यात मल्टिमीटर सतत ‘पीं’ करू लागला, तर आत कोठेतरी वाटा एकमेकींना भिडलेल्या आहेत, आणि अशी डबी कोणाच्याही फोनला लावू नये. ते नसेल तर वीज द्यावी, पण ती महागड्या संगणकातून नव्हे, जुन्या साध्या चार्जरमधून. नियामकाच्या एका पायावर सुमारे ५ आणि दुसऱ्यावर सुमारे ३.३ व्होल्ट मिळाले की निम्मी काळजी मिटली. मग वाटोळ्या भोकाच्या पायांवर, काही वाजत नसताना, स्थिर व्होल्ट मोजावेत. तेथे शून्याच्या आसपास, काही सहस्रांश व्होल्टच असले पाहिजेत. तेथे एक-दोन व्होल्ट दिसले तर शेवटची चकती गेली आहे. अशा वेळी हेडफोन लावला तर त्यातली बारीक वेटोळी जळण्याचा संभव असतो. ही परीक्षा चुकवून घाईने हेडफोन कानाला लावणारे आम्ही पाहिले आहेत. बाईंच्या डबीत सगळी मापे बरोबर आली.

उरले सांधे. भिंगातून पाहिले तेव्हा वाटोळ्या भोकाच्या एका पायाभोवती केसासारखी बारीक, वर्तुळाकार भेग दिसली. हेडफोनच्या खिळ्याचे टोक डाव्या कानाचे, त्यामागचे कडे उजव्याचे. आणि भेग होती ती टोकाला टेकणाऱ्या पायाभोवती. चपट्या भोकाच्या टोकाच्या एका बारीक पट्टीचा डागही असाच उचकटलेला होता. रोगाचे निदान आणि शव यांचा मेळ बसला, असे म्हणावयाचे, पण सुदैवाने शव नव्हते.

येथे थोडे थांबून सोल्डरविषयी सांगितले पाहिजे. आपल्यापैकी अनेकांनी दारात बसलेला कल्हईवाला पाहिला असेल. भांडे तापले की तो आधी नवसागराची चिमूट टाकी आणि मग कथिल फिरवी. नवसागराने तांब्यावरची मळी सुटते. मळीवर कथिल धरत नाही. सोल्डरिंगमध्ये हेच काम फ्लक्स करतो, आणि नवशिके नेमका तोच विसरतात. दुसरी गोष्ट कथिलाची. युरोपात १ जुलै २००६ पासून विजेच्या उपकरणांतील शिशावर निर्बंध आले, म्हणून या पाट्यांवर बहुधा शिसेविरहित सोल्डर असते. ते २१७ अंशांच्या पुढे वितळते. जुने ६३ भाग कथिल, ३७ भाग शिसे असे मिश्रण १८३ अंशांवरच वितळते. दुरुस्त करणारे जुन्या सांध्यावर शिशाच्या मिश्रणाचा कण टाकतात, म्हणजे सगळे मिळून लवकर पातळ होते. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, खिडकी उघडी ठेवावी, आणि त्या टेबलावर पोहे खाऊ नयेत.

आता आमचा गुन्हा. पहिल्या डबीचे चपटे भोक ढिले झाले होते, ते बदलावे असे आम्ही ठरविले. त्या भोकाचे जाड पाय जमिनीच्या मोठ्या तांब्याला जोडलेले असतात, आणि ते तांबे उष्णता पिऊन टाकते. तीन पाय सुटले, चौथा सुटेना. वास्तविक तेथे आणखी फ्लक्स, आणखी उष्णता आणि आणखी धीर हवा होता. आम्ही चिमट्याने ओढले. पाटीवरचा तांब्याचा थर सुमारे ३५ मायक्रॉन जाडीचा असतो, केसाहूनही पातळ. भोक निघाले, आणि त्याबरोबर खालच्या वाटाही सोलून निघाल्या. मग रात्री एक वाजेपर्यंत तांब्याच्या तारेचे धागे जोडून त्या वाटा पुन्हा बांधण्याचा खटाटोप चालला होता. बाई काही बोलल्या नाहीत; फक्त नवी डबी येईपर्यंत आठ दिवस त्यांच्या खोलीतला दिवा उशिरापर्यंत जळताना आम्हांला दिसे. दिव्याचा त्यांना काही उपयोग नव्हता.

या वेळी म्हणून आम्ही काहीच काढले नाही. जे भोक घट्ट बसलेले आहे त्याचा नुसता डाग उचकटला असेल, तर तो जागच्या जागी पुन्हा वितळविणे पुरते. दोन्ही ठिकाणी फ्लक्सचा थेंब, सुमारे ३३० अंशांवर तापविलेले टोक, दोन ते तीन सेकंद, आणि नव्या सोल्डरचा मोहरीएवढाही नव्हे इतका कण. सांधा वाहून चकाकला की टोक उचलावे आणि गार होईपर्यंत फुंकर घालू नये, पाटी हलवू नये. चपट्या भोकाच्या पट्ट्यांत कण जास्त झाला तर शेजारच्या दोन पट्ट्या जोडल्या जातात; तांब्याच्या विणलेल्या वातीने तो टिपून घ्यावा. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने फ्लक्स पुसून पुन्हा मल्टिमीटर.

भोकच मोडले असेल तर मात्र बदलावे लागते. वाटोळे भोक बदलणे धीराच्या माणसाला जमते. सुटा भाग पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर थोड्या पैशांत मिळतो, फक्त जुने भोक बरोबर न्यावे, कारण पायांच्या जागा सारख्या नसतात. चपटे भोक घरी बदलू नये. ज्याच्याकडे गरम हवेचे यंत्र आहे अशा मोबाइल दुरुस्त करणाऱ्याकडे द्यावे, त्याचा हात रोज त्याच कामावर बसलेला असतो. अंकांची लाट करणारी चकती खरोखर जळली असेल, किंवा तारेसकट रबरात ओतलेली ती बोटभर लांबीची डबी असेल, तर दुरुस्तीचा हट्ट धरू नये. दुरुस्ती ही चांगली गोष्ट आहे म्हणून प्रत्येक वस्तू दुरुस्त होते असे नाही, आणि जो कारागीर ‘हे होणार नाही’ असे वेळेवर सांगतो त्यावर आमचा अधिक विश्वास बसतो.

बाईंची डबी आम्ही बंद करण्यापूर्वी तासभर उघडीच वाजविली, प्रथम एका टाकाऊ हेडफोनवर. तार सुलटी, मग उलटी; डावा कान, मग उजवा. मग स्क्रू लावले, थोडे थोडे, आळीपाळीने. डबी परत द्यावयास गेलो तेव्हा एक गोष्ट विचारावयाची राहिली होती ती विचारली: रात्री ही डबी असते कोठे? बाईंनी दाखविले. फोन खिडकीच्या कट्ट्यावर, तार गादी आणि भिंत यांच्या फटीतून वर, आणि डबी उशीखाली. त्या कुशीवर वळल्या की उशी डबीवर, डबी तारेवर, आणि सारा भार त्या दोन भोकांवर. दोन्ही डब्या त्यानेच गेल्या होत्या.

आम्ही खाटेच्या दांड्याला कापडाची एक लहान पिशवी शिवून घेतली. डबी आता तीत लोंबते, तार वरून मोकळी येते, आणि चाचपून लगेच सापडते असे बाई म्हणतात.